रुसायला जागा नाही

"तुमच्या गावात चर्च पण आहे का?" असं विचारणारे बऱ्याचदा गावातलेच असतात, ही खरी गंमत. आहे हो. बसस्टँडच्या मागं, जुन्या जिनिंगच्या शेजारी, दगडी भिंती, वर पत्रे, समोर एक कडुनिंब. वर क्रूस नसता तर लोकांनी खरेदी-विक्री संघाचं गोडाऊन समजून सोडून दिलं असतं. मंडळीत बावीस घरं आहेत, म्हणजे रजिस्टरला आहेत. त्यातली पाच-सहा पुण्याला नाहीतर वाळूजला गेली पण नाव काढलं की माणूस तुटतो म्हणून कुणी काढत नाही, काही घरं दसरा झाला की कुलूप लावून उसाला जातात, एक घर रुसलेलं असतं (एक तरी घर कायम रुसलेलं असतंच, फक्त घर बदलतं), आणि उरलेले आम्ही. रविवारी तीस-पस्तीस माणसं, लेकरं धरून. पाऊस असला की पंधरा.

२०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं साधारण १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात पूर्ण एकसुद्धा नाही, आणि त्यातले बरेचसे मुंबई-ठाणे-पुण्याकडं. मग जालना-बीडच्या या पट्ट्यात आमच्या वाट्याला किती येत असतील तो हिशोब तुम्हीच करा.

लोकांचा दुसरा ठरलेला प्रश्न म्हणजे "तुम्हाला तर बाहेरून पैसा येत असेल नं?" आता मी पतसंस्थेत कॅशियर आहे, आणि तेवढ्याच पात्रतेवर मला मंडळीची खजिनदार केलेलं आहे, त्यामुळं मी छातीठोकपणे सांगू शकते की आमच्याकडं बाहेरून पैसा येतो तो फक्त चाकणहून, तोही नाताळाच्या आसपास, फोनपेवर. बाकी रविवारच्या थैलीत दहा-वीसच्या नोटा आणि चिल्लर, महिन्याची वर्गणी, आणि त्यातूनच पाळक साहेबांच्या पगारातला आमचा वाटा, डायोसिसला (म्हणजे आमच्या भागातल्या मंडळ्यांच्या वरच्या ऑफिसला) द्यायची रक्कम, लाईट बिल. पाळक साहेब एक आणि मंडळ्या चार, म्हणून आमच्याकडं ते महिन्यातून दोनच रविवार येतात, मोटारसायकलवर, झगा बॅगेत घालून. उरलेल्या रविवारी आम्हीच आमचे.

आणि "बाहेरचं" म्हणाल तर आमच्या भागातली सुरुवातसुद्धा तितकी बाहेरची नाही. जालन्याला मिशनचं काम उभं केलं ते नारायण शेषाद्रींनी, ब्राह्मण घरातला माणूस, १८४३ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढं निजामाच्या राज्यात आले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ बेथेल नावाचं गावच वसवलं. औरंगाबादला रतनजी नवरोजी, ते पारशी. एक बामण, एक पारशी, आणि त्यांच्या मागं आलेली माणसं मात्र बहुतेक महारवाड्यातली, मांगवाड्यातली. माझे पणजोबा त्यातलेच. त्यांना येशू आधी समजला की शाळा आधी मिळाली हे मला कुणी विचारलं तर मी सांगते, दोन्ही एकाच दारातून आत गेले, कशाला वेगळं काढता.

जालन्याचे लोक स्कॉटिश वळणाचे, औरंगाबादचे इंग्लंडच्या चर्चवाले, असं वेगवेगळं होतं. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि कागदावर सगळे एक. आमच्यात अजून दिसतं पण ते. प्रार्थनेला काही म्हातारी माणसं गुडघे टेकतात आणि काही बसूनच डोकं खाली घालतात, आणि दोघांनाही वाटतं की दुसऱ्याला नीट शिकवलेलं नाही.

एक गोष्ट थोडक्यात सांगून पुढं जाते कारण त्यावर लिहायला बसले तर दुसरं काही होणार नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा ठरला, त्यात १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती झालेले आले नाहीत. वस्ती तीच, भिंत तीच, विहिरीवर आज्ज्यानं ऐकून घेतलेले शब्द तेच, कागद वेगळा. म्हणून काही जण रविवारी येतात, गातात, थैलीत टाकतात पण पावती फाडायला घेतली की हळूच म्हणतात, "ताई, नाव नका टाकू." मी "एक बंधू" लिहिते. आमच्या पावतीपुस्तकात सगळ्यात जास्त देणारा माणूस हा "एक बंधू"च आहे.

आता कामाचं. मोठ्या चर्चमध्ये माणूस येतो, बसतो, ऐकतो, जातो. आमच्यात बसणारं कुणी नसतंच, सगळ्यांनाच काहीतरी करायचं असतं. मी पेटी वाजवते, ती काय फार चांगली वाजवते म्हणून नाही, दुसरं कुणाला येत नाही म्हणून. शब्बाथ शाळा घेणाऱ्या बाईच महिला मंडळाच्या अध्यक्ष आणि त्याच प्रभुभोजनाच्या भाकरीचं बघतात. सेक्रेटरी काका मोटार चालू करतात, सतरंज्या टाकतात, शास्त्रपाठ वाचतात, आणि उपासनेत कुत्रं शिरलं तर तेही काढतात. उत्तम शुक्रवारी तीन तासांच्या उपासनेत क्रुसावरचे सात उद्गार असतात, सात जणांनी एकेकावर बोलायचं असतं, आमच्याकडं बोलणारे चार. त्यामुळं एकाला दोन येतात, मागच्या वेळी एका मामांनी "मला तहान लागली आहे" यावर बोलता बोलता नळाला बारा दिवसांनी येणाऱ्या पाण्याचा विषय काढला आणि तिथून ते नगरपरिषदेवर गेले, परत क्रुसावर यायला वेळ लागला. पण खरं सांगू का, त्या उद्गारावर इतकं मनापासून ऐकलेलं मला दुसरं भाषण आठवत नाही.

यातून लेकरं तयार होतात हे पण आहे. आमच्यातली पोरगी दहा वर्षांची असताना उभी राहून प्रार्थना करते, बारा वर्षांची असताना शास्त्रपाठ वाचते, माईक धरायची भीती मेलेली असते. पतसंस्थेच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणतात, "मॅडम तुम्ही बिनधास्त बोलता हो," त्यांना काय माहीत मी कुठं शिकले.

गाणी आमची बहुतेक जुनी. ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतल्यावर जी भजनं, अभंग लिहिले ते आम्ही टाळ-तबला-पेटीवर म्हणतो, चाली अशा की रस्त्यानं जाणाऱ्या एका बाबांनी आत डोकावून विचारलं होतं, "आज सप्ता हाय का तुमच्यात?" सेक्रेटरी काका म्हणले, "हाय, या बसा." बसले की. शेवटपर्यंत बसले, चहा घेतला, गेले.

सणांचं गणित आमचं पाऊस आणि साखर कारखान्यावर. नाताळाला सगळ्या जगात चर्च भरतं, आमच्याकडं त्याच वेळी रिकामं असतं, कसं की तोपर्यंत टोळ्या निघून गेलेल्या असतात, कुणी कोल्हापूरकडं, कुणी सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. उचल घेतलेली असते, मुकादम काय २५ डिसेंबरला सुट्टी देणार नाही. करंज्या-शंकरपाळ्या आम्ही करतो, घरोघर ताटं जातात, शेजारचे मुस्लिम, मराठा, वंजारी सगळ्या घरचे येतात, कॅरलवाली पोरं रात्री दीड वाजेपर्यंत फिरतात पण त्यातली काही घरं कुलूपबंदच असतात. पोरं तिथं पण थांबतात. दारासमोर एक कडवं म्हणायचं, व्हिडिओ कॉल लावायचा, पलीकडं कोपीत एखाद्या बॅटरीच्या उजेडात ते लोक. मागं ट्रॅक्टरचा आवाज. "आज्जीला दाखव, आज्जीला दाखव," म्हणून एकजण ओरडत असतो. मग नेट जातं.

म्हणून हंगामाचा सण आम्ही मुद्दाम दसऱ्याच्या आधी घेतो, सगळे असतात तेव्हा. मूग-उडीद घरात आलेला असतो, सोयाबीन काढायलेले असतात. ज्याच्या घरी जे आहे ते वेदीपुढं येतं, धान्याची पायली, अंडी, कोंबडा, लिंबं, शेवग्याच्या शेंगा, ज्यांच्याकडं शेत नाही ते बिस्किटचा पुडा आणतात नाहीतर साबण. उपासना झाली की कडुनिंबाखाली लिलाव. आमच्या लिलावाचा नियम असा की घेणाऱ्यानं घेतलेलं परत मंडळीला दान द्यायला हरकत नाही, मग तेच परत लिलावात येतं, एकेक अंडं पाच-पाच वेळा विकलं जातं आणि सगळ्यात शेवटी एखाद्या लेकराच्या खिशात फुटतं.

आता ते रुसलेल्या घरांचं सांगते. आमच्यात दोन घरं आहेत, नावं काय लिहीत नाही, मंडळीतले वाचणारे ओळखतीलच. एका घरचे तबला वाजवतात, दुसऱ्या घरच्या ताईंचा आवाज मंडळीत सगळ्यात चांगला. दोन्ही घरांत सोयरीक ठरत होती, मोडली. का मोडली यावर मी काय बोलणार नाही, मला दोन्ही बाजू इतक्या वेळा सांगितल्या गेल्यात की आता दोन्ही खऱ्या वाटायल्यात. लग्नाचं आमच्यात असंच अवघड आहे, बावीस घरांत निम्मे एकमेकांचे मामेभाऊ-आतेबहीण निघतात, बाहेर बघायचं तर नगरकडचे पाहुणे पहिलंच विचारतात, "पाणी किती दिवसाला येतं?" आणि उत्तर ऐकून चहा संपवून उठतात. त्यामुळं जमत आलेलं मोडलं की ते नुसतं मोडत नाही.

तर तेव्हापासून तबला आणि गाणं एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांच्या मधे मी, पेटी घेऊन. ताई मला गाण्याचा स्वर सांगणार, "काळी दोन घे." मी तबल्याकडं वळून सांगायचं, "काळी दोन." ते ऐकून बसलेले असतात, दोन फुटांवर असतात, तरी मी सांगेपर्यंत हातोडी उचलणार नाहीत. उपासनेत शांतीची वेळ येते, सगळ्यांनी एकमेकांना हात देऊन शांती असो म्हणायचं, तर तेव्हा ताई माझा हात धरतात, मग तबलेवाले मामा माझा हात धरतात. म्हणजे शांती पोचते, माझ्यामार्फत.

मोठ्या शहरात असतं तर एक घर दुसऱ्या चर्चला गेलं असतं, नाहीतर सकाळच्या उपासनेऐवजी संध्याकाळच्या. इथं कुठं जाणार. सगळ्यात जवळची मंडळी बत्तीस किलोमीटर, एसटी दोन तासाला एक. मधी एका नव्या प्रार्थना ग्रुपमध्ये ताई जाऊन बघून आल्या, तिथं स्पीकर मोठे, घोषणा जोरात, आजार बरे करतो म्हणायलेत. परत आल्या. म्हणल्या, "तिथं पेटीच नाही माय."

आणि मग तो डांगराचा लिलाव. एक भलंमोठं डांगर आलं होतं, कुणाच्या तरी बांधावरचं. मामांनी शंभर म्हणलं. ताईंच्या मिस्टरांनी दीडशे. मामा दोनशे. पहिल्यांदा लोक हसले, मग हसायचे थांबले, मग खुर्च्या ओढून जवळ आले. हजाराच्या वर गेल्यावर पाळक साहेबांनी खजिनदार म्हणून माझ्याकडं बघितलं, मी आकाशाकडं बघितलं. दोघंही एकमेकांकडं न बघता आकडा सांगायलेत, दोघांच्याही बायका मागून शर्ट ओढायल्यात. चार हजार शंभरला मामांनी घेतलं आणि ताठ मानेनं म्हणले, "मंडळीला दान." म्हणजे परत लिलाव! आता ताईंच्या मिस्टरांची इज्जत. तीन हजार आठशेला त्यांनी घेतलं. आणि दान. तिसऱ्यांदा कुणी बोलीच लावेना, कारण सगळ्यांना कळलं होतं की या डांगराच्या मधे पडणं बरं नाही. शेवटी महिला मंडळानं ते फोडून प्रीतिभोजनाला भाजी केली, लसूण घालून. दोन्ही घरं जेवली, दोन पंगतीत. वेदीवरचे गळके पत्रे त्या वर्षी बदलले ते त्या पैशावर, मी स्वतः हिशोब लिहिलाय.

आमच्यात माणसं कमी आली की भाषण करणारा हमखास बायबलातल्या मत्तयच्या अठराव्या अध्यायातलं ते वचन काढतो, दोघं-तिघं माझ्या नावानं जमले तिथं मी आहे. सगळे माना डोलावतात, तेवढाच दिलासा. मी पण इतकी वर्षं तेच समजत होते की हे कमी हजेरीसाठीचं वचन आहे. पण त्याच्या आधीच्या पाच ओळी वाचा की. तिथं हजेरीचा विषयच नाही, तिथं भांडणाचा विषय आहे. भावानं तुझा अपराध केला तर आधी एकटा जाऊन त्याच्याशी बोल, नाही ऐकलं तर आणखी एक-दोघं घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग. आणि त्या वचनानंतर लगेच येशूचा शिष्य पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? पेत्राची मंडळी पण छोटीच असणार, बारा जणांची, रोज तीच तोंडं. हजार माणसांत बसणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही, ज्याला रोज त्याच माणसाशेजारी बसायचंय त्यालाच आकडा हवा असतो.

माझा भाऊ चाकणला कंपनीत आहे, तिकडं तो मोठ्या चर्चला जातो. प्रोजेक्टरवर गाणी, ड्रमसेट, एसी, पार्किंगला माणूस उभा. तो म्हणतो, "ताई, तिकडं मी गेलो नाही तर कुणाला कळत पण नाही." मला वाटलं तक्रार करायलाय. नाही, खूष होऊन सांगायला होता. इथं एक रविवार चुकला की सोमवारी सकाळी दुधाच्या डेअरीवर दोघं विचारतात, दुपारपर्यंत तुमचं नवरा-बायकोचं भांडण झालंय ही बातमी पण तयार असते. त्याचं म्हणणं चूक नाही. मला स्वतःला कधी कधी वाटतं की एक रविवार नुसतं शेवटच्या बाकावर बसावं, कुणी ओळखू नये, पेटीवर हात ठेवू नये, हिशोब कुणी विचारू नये.

मागच्या पावसाळ्यात मामांची आई वारल्या. आमची दफनभूमी ओढ्यापलीकडं, काळी माती, पाऊस सकाळपासून. काळ्या मातीत पावसाचं खोदायचं म्हणजे एक हात खोदावं आणि कडा अर्धा हात आत याव्यात. जेसीबी ओढ्यातून जाईना. आमचे खोदणारे हात किती, तरणी पोरं सगळी पुण्याला, शेजारच्या गल्लीतली मुस्लिम पोरं फावडी घेऊन आली तरी माणूस कमी पडत होता. ताईंचे मिस्टर आले, चप्पल काढली, खड्ड्यात उतरले. चार तास. यात मला फार काही भरल्या गळ्यानं सांगायचं नाही, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं हे खरं, पण ते आले नसते तर संध्याकाळपर्यंत खड्डा झाला नसता हे जास्त खरं. खालून त्यांनी हात वर केला आणि मामांनी तो धरून त्यांना वर ओढलं, कारण तिथं मी नव्हते मधे धरायला, बायका ओढ्याच्या अलीकडं होत्या. दुसऱ्या दिवशी ताईंनी पिठलं-भाकरी पाठवली, बारा माणसांची.

त्यानंतर दोघं बोलायला लागले असं वाटत असेल तर नाही. पण स्वर आता ताई थेट सांगतात. "काळी दोन," एवढंच, तबल्याकडं बघून. माझं एक काम कमी झालं.

येत्या रविवारी पाळक साहेब नाहीत आणि भाषणाची पाळी माझी आहे. मी उत्साहात मत्तय अठरा घेते म्हणून सांगून बसले, सेक्रेटरी काकांनी ग्रुपवर टाकलं पण. आता विचार करायलेय की दोन्ही घरं समोर बसणार, आणि मी तिथं उभी राहून "भावानं तुझा अपराध केला तर" कुठल्या तोंडानं वाचू, कुणाकडं बघून वाचू. म्हणून परवा रात्री विषय बदलावा म्हणलं, सोपं काहीतरी घ्यावं, लूक पंधरा काढलं, उधळ्या पोराची गोष्ट, सगळ्यांना आवडते. तर शेवटी तिथं पण मोठा भाऊ रुसून दाराबाहेर उभा आणि बाप त्याची समजूत काढायला बाहेर आलेला. सेक्रेटरी काकांना फोन केला, म्हणलं काका ज्यात भांडण नाही असं काहीतरी सांगा. ते म्हणले, "बघतो," आणि दोन दिवस झाले अजून बघायलेतच.